दुपारचा सैतान : विश्वास आटतो तेव्हा



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "सर, देवावरचा विश्वास गेलाय असं नाही. दर रविवारी मंडळीत जातो, दशमांश देतो, पवित्र शास्त्रही उघडतो. पण आत काही हलत नाही. सगळे गीत गातात, मी नुसते ओठ हलवतो. हे पाप आहे, आजार आहे, की वय झालं म्हणायचं?" प्रश्न त्यांनी फार सरळ विचारला होता आणि उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा तो नव्हता. म्हणून आजचे व्याख्यान त्याच प्रश्नावर आहे.

या अवस्थेला ख्रिस्ती परंपरेत सोळाशे वर्षांपूर्वीच नाव मिळालेले आहे. ग्रीक शब्द आहे 'अकेदिया'. 'केदोस' म्हणजे काळजी, कळकळ. आपल्या माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्यासाठी जे काही करायचे असते, त्यालाही हाच शब्द. 'अ' हा नकार, आपल्या संस्कृतातल्यासारखाच. मराठीत याला काय म्हणावे, यावर आम्ही बराच विचार केला. 'आळस' म्हणावे तर अर्थ फारच उथळ होतो. ते का, हे पुढे येईलच. 'उदासीनता' म्हणावे तर आपल्याकडे घोटाळा होतो, कारण गीतेच्या परंपरेत उदासीन असणे हा दोष नाही, गुण आहे. फळाची आसक्ती सुटलेल्या माणसाला आपण उदासीन म्हणतो. मग उरतो आपला रोजच्या वापरातला शब्द : अनास्था. रस्त्यावरचा खड्डा सहा महिने बुजवला नाही की आपण म्हणतो, नगरपालिकेची अनास्था. आता या वापरातली एक गोष्ट बघा. नगरपालिकेला खड्डा माहीत असतो. खड्डा आहे हे ती नाकारत नाही. तिला त्याचे काही वाटत नाही, एवढेच. 'अकेदिया'चा अर्थ नेमका हा आहे. देव आहे हे माहीत आहे, पण त्याचे काही वाटत नाही.

या अवस्थेचे सर्वांत बारीक वर्णन ज्याने केले, तो इव्हाग्रिअस नावाचा मनुष्य मोठा विद्वान होता. जन्म इ.स. 345 च्या सुमाराचा, आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेकडच्या पोंतस प्रांतातला. 381 साली कॉन्स्टँटिनोपलला जी मोठी धर्मपरिषद भरली, तेव्हा तो त्या शहरात दीक्षित सेवक होता, वक्तृत्वाबद्दल त्याचे नाव होते. तिथे एका प्रतिष्ठित विवाहित स्त्रीच्या प्रेमात तो गुंतला, आणि प्रकरण हाताबाहेर जाण्याआधी शहर सोडून यरुशलेमला गेला. तिथून इजिप्तच्या वाळवंटात. नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला 'केल्लिया', म्हणजे नुसते 'कोठड्या', नावाची तपस्व्यांची वस्ती होती. एकेकट्याच्या कोठड्या, दूर दूर पसरलेल्या. तिथे तो 399 साली मरेपर्यंत राहिला.

तपस्व्याच्या मनात येणाऱ्या आठ दुष्ट विचारांची त्याने यादी केली. पुढे ज्यांना सात प्रमुख पापे म्हणू लागले, त्यांचे मूळ इथे आहे. या आठांत सर्वांत जड विचार म्हणजे अकेदिया, असे तो सांगतो. त्याला तो दुपारचा सैतान म्हणतो. हे नाव 91 व्या स्तोत्रातून आले आहे. त्या स्तोत्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात भर दुपारी येणाऱ्या दुष्टात्म्याचा उल्लेख आहे. इव्हाग्रिअस वेळही सांगतो : दिवसाच्या चौथ्या तासापासून आठव्यापर्यंत, म्हणजे आपल्या घड्याळात साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन. तपस्वी दिवसातून एकदाच जेवायचे, तेही नवव्या तासाला, तीनच्या सुमारास. म्हणजे पोटात काही नाही, डोक्यावर इजिप्तचे ऊन, आणि जेवणाला अजून अवकाश आहे.

अशा वेळी काय होते? सूर्य हलतच नाही असे वाटते. दिवस पन्नास तासांचा वाटतो. माणूस सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन सूर्य किती चढला ते पाहतो, कोणी भेटायला येतेय का याचा अंदाज घेतो. मग त्याला ती जागाच नकोशी होते. हातातले काम नकोसे होते. मग वाटू लागते की इथल्या बंधूंमध्ये आता प्रेम राहिलेले नाही, आपली विचारपूस करणारे कोणी नाही. त्यात कोणी हल्लीच आपल्याला काही बोलले असेल तर तेही नेमके आठवते. मग दुसऱ्या ठिकाणांची ओढ लागते : तिकडे सोय बरी आहे, काम हलके आहे, आणि देवाला प्रसन्न करायला अमुकच जागा कशाला हवी, तो तर सर्वत्र आहे! मग घरची माणसे आठवतात, पूर्वीचे दिवस आठवतात, आणि पुढे किती वर्षे हे असेच काढायचे आहे याचे लांबच लांब चित्र डोळ्यांसमोर उभे राहते.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवताना हे वर्णन विद्यार्थ्यांना सांगायचो, तेव्हा वर्गात हसू पिकायचे. प्रत्येकाला आपलाच चार वाजताचा तास आठवायचा. पण यात हसण्यापलीकडचे काय आहे, ते जरा लक्षात घ्या. हा सैतान देव नाही असे एकदाही सांगत नाही. तो नास्तिक नाही. उलट देव सर्वव्यापी आहे हे धर्मशास्त्र तो आपल्या कामासाठी वापरतो! तो फक्त एवढेच सुचवतो की देव या कोठडीत नाही, या टोपलीत नाही, या शेजाऱ्यात नाही. देवाबद्दलची सर्वसाधारण श्रद्धा तो तशीच ठेवतो आणि ती जिथे जिथे जमिनीला टेकलेली असते, ते टेकू काढून घेतो. म्हणून ज्याचा विश्वास गेला आहे त्याच्यापेक्षा ही अवस्था ओळखायला कठीण. विश्वास गेलेल्या माणसाला काहीतरी हरवले आहे हे कळते. अनास्थेत काहीच हरवलेले दिसत नाही.

पुढच्या शतकांत या कल्पनेचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. योहान कॅसियनने ती लॅटिन जगात नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने आठांची सात पापे केली आणि अकेदिया दुःखात मिसळून टाकली. हळूहळू लोकांच्या बोलण्यात तिचा आळस झाला, आणि आमच्या मते इथे मोठे नुकसान झाले. कारण आळसावर औषध म्हणजे जास्त काम. मंडळीत उत्साह नाही? मग आणखी एक समिती नेमा, आणखी एक शिबिर भरवा, वर्धापनदिन दणक्यात करा.

तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनसने मात्र मूळ अर्थ पुन्हा नीट पकडला. त्याच्या मते अनास्था म्हणजे देवाकडून मिळणाऱ्या भल्याबद्दलच वाटणारे दुःख. जरा विचित्र वाटते ना? भल्याचे दुःख कशाला होईल? पण विचार करा. देव माणसाशी मैत्री करू पाहतो, आणि मैत्री म्हटली की ती काहीतरी मागते. वेळ मागते, बदल मागते. माणसाला ते ओझे वाटते. कोणी फार मोठ्या प्रेमाने घरी बोलवावे आणि आपल्याला जायचा कंटाळा यावा, तसे. म्हणून अ‍ॅक्वायनस अनास्थेला आनंदाच्या विरुद्ध ठेवतो. प्रीतीतून जो आनंद उपजतो त्याच्या विरुद्ध. आणि दहा आज्ञांपैकी कोणती आज्ञा हिने मोडते? तो म्हणतो, शब्बाथाची. म्हणजे विसाव्याची! आळशी माणसाने विसाव्याची आज्ञा मोडली असे कोणी म्हणेल का? पण अनास्थेत सापडलेला माणूस देवाजवळ स्वस्थ बसू शकत नाही. तो अतिशय कामसू असू शकतो. मंडळीचा खजिनदार असू शकतो. पाळकही असू शकतो. चोवीस तास धावणाऱ्या माणसाची अनास्था सर्वांत खोल असते, असे आमचे निरीक्षण आहे. हातातला मोबाइल दर दोन मिनिटांनी बघणारे आपण सगळे आणि सूर्य किती चढला ते बघायला पुनःपुन्हा दाराशी येणारा तो तपस्वी, यांत फार अंतर नाही.

आता उपायाकडे. वाळवंटातल्या गुरूंचे उपाय ऐकले की पहिल्यांदा निराशा होते, इतके ते साधे आहेत.

तपस्व्यांचा आद्य मानला जाणारा अंतोनी याच्याबद्दलची एक गोष्ट त्यांच्या वचनसंग्रहात अगदी सुरुवातीलाच आहे. एकदा त्याला अनास्थेने घेरले, विचारांचा अंधार झाला. तो देवाला म्हणाला, मला तारण हवे आहे, पण हे विचार सोडत नाहीत, काय करू? मग तो बाहेर आला तर त्याला आपल्यासारखाच एक मनुष्य दिसला. तो बसून काम करत होता. थोड्या वेळाने उठला, प्रार्थना केली. पुन्हा बसला, दोरी वळू लागला. पुन्हा उठला, प्रार्थना केली. तो देवदूत होता, आणि त्याने अंतोनीला सांगितले की असेच कर, म्हणजे तारण होईल. बस, एवढीच गोष्ट. देवदूताने दर्शन दिले, पण दर्शनात दाखवले काय? दोरी वळणे. अंतोनीला आनंद झाला आणि धीर आला, असे गोष्टीत सांगितले आहे.

कॅसियनने पौल नावाच्या एका तपस्व्याची गोष्ट दिली आहे, ती याहून टोकाची आहे. हा पौल गावांपासून फार लांब राहायचा. खजुराची झाडे आणि एक लहानसा मळा, त्यात त्याचे भागायचे. टोपल्या विणून विकाव्यात तर बाजार इतका दूर की वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीहून जास्त. तरी तो रोज झावळ्या गोळा करायचा आणि स्वतःला रोजचे काम नेमून द्यायचा. वर्षभराने गुहा भरली की सगळे जाळून टाकायचा आणि पुन्हा सुरू करायचा. अर्थशास्त्राच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा! पण त्याला माहीत होते की काम बाजारासाठी नाही, हाताला आणि मनाला एका जागी ठेवण्यासाठी आहे. आम्ही मात्र याबाबत पौलाशी पूर्ण सहमत नाही. काम कोणाच्या तरी उपयोगी पडावे, असे आम्हाला वाटते. पण त्याच्या गोष्टीतली एक गोष्ट खरी आहे : आज फळ दिसत नाही म्हणून आजचे काम चुकवायचे नाही.

इव्हाग्रिअसचे स्वतःचे उपाय आणखी दोन आहेत. एक, उलटून बोलणे. मनात जो विचार येतो त्याला उत्तर द्यायचे, तेही स्वतःच्या हुशारीने नव्हे तर शास्त्रातल्या एखाद्या वचनाने. त्यासाठी त्याने आठही दुष्ट विचारांवर वचनांचा एक संग्रहच तयार केला. दोन, अश्रू. अनास्था आली की आपल्या जिवाचे दोन भाग करावेत, एकाने दुसऱ्याचे सांत्वन करावे, जसे 42 व्या स्तोत्राचा कवी स्वतःच्याच जिवाला का खिन्न झालास म्हणून विचारतो. यामागची अट मात्र एकच आहे : कोठडी सोडायची नाही. आणि तो एक आश्वासनही देतो. हा सैतान गेला की त्याच्या पाठोपाठ दुसरा येत नाही; झगड्यानंतर शांती आणि अवर्णनीय आनंद येतो.

इथे कोणी म्हणेल, हे सगळे मनाला कोंडून ठेवणे झाले. शरीराचे काय? प्रश्न योग्य आहे, आणि त्याला शास्त्रात फार सुंदर उत्तर आहे. 1 राजे, अध्याय 19. एलीयाने कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवला आहे, आणि लगेच ईजबेलीच्या धमकीने तो रानात पळतो. रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. विजयानंतरची ही अवस्था आहे, हे विसरू नका. देव त्याला काय करतो? उपदेश करत नाही. दूत येतो, त्याला स्पर्श करतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई देतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायला घालतो. उपदेश तर नंतर, चाळीस दिवसांनी, होरेबवर. आणि तोही प्रश्नाच्या रूपाने, तू इथे काय करतोस. तिथे देव त्याला एक सौम्य वाणी ऐकवतो, आणि मग लगेच कामे देतो. अमक्याला अभिषेक कर, तमक्याला अभिषेक कर, अलीशाला तुझ्या जागी नेम. आणि जाता जाता सांगतो की तू एकटा नाहीस, सात हजार आहेत. भाकर, झोप, काम, सोबती : एलीयाची आस्था परत आली ती या वाटेने. अ‍ॅक्वायनसनेही दुःखावरच्या उपायांत अश्रू, मित्र आणि सत्याचे चिंतन यांच्या जोडीला झोप आणि अंघोळ यांचा समावेश केला आहे. इतका मोठा धर्मशास्त्री अंघोळ कर म्हणतो, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटते.

याच संदर्भात एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. झोप उडाली आहे, भूक गेली आहे, कशातच रस नाही, जगणे नको वाटते, आणि हे आठवडेच्या आठवडे चालले आहे, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला डॉक्टर लागतो. मधुमेहाची गोळी घेताना आपण विश्वास कमी पडला असे म्हणत नाही. इथेही म्हणू नये. अशा माणसाला "प्रार्थनेत कमी पडलास" म्हणून सांगणारे मंडळीत भेटतात. ते क्रूर आहे, आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीने चूकही आहे.

आजार वेगळा काढला तरी आणखी एक भेद राहतो, आणि तो अधिक नाजूक आहे. प्रत्येक कोरडेपणा अनास्थेचा नसतो. सोळाव्या शतकात लोयोलाच्या इग्नाशियसने आपल्या 'आत्मिक साधना' या पुस्तकात, ज्याला पोपची मान्यता 1548 मध्ये मिळाली, कोरडेपणाची तीन कारणे दिली आहेत. एक तर आपण स्वतः ढिलाई केलेली असते. किंवा दिलाशाचे बक्षीस नसताना आपण किती टिकतो, ही परीक्षा असते. किंवा दिलासा ही आपली कमाई नाही, देणगी आहे, हे आपल्याला कळावे म्हणून तो काढून घेतलेला असतो. इग्नाशियस पूर्वीचा सैनिक. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला होता. त्याचे नियमही शिपाईगिरीचे आहेत. कोरडेपणाच्या काळात आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. प्रार्थनेचा तास संपवावासा वाटला तर तासाहून थोडे अधिकच बसायचे. आम्हाला पहिला नियम फार मोलाचा वाटतो. किती लोक नेमक्या कोरड्या काळात मंडळी बदलतात! एका मंडळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. प्रत्येक ठिकाणी पहिले सहा महिने बरे वाटते, मग तिथेही दुपार होते.

तिसऱ्या प्रकारच्या कोरडेपणाचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच काळातले आहे. मदर तेरेसांची खासगी पत्रे 2007 मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगाला धक्का बसला. 1948 मध्ये कोलकात्याच्या वस्त्यांत काम सुरू केल्यानंतर लवकरच त्यांना देवाचे सान्निध्य जाणवेनासे झाले, आणि 1958 मधला एक लहानसा काळ सोडला तर ही अवस्था जवळजवळ अखेरपर्यंत टिकली. वृत्तपत्रांनी लिहिले, मदर तेरेसांची श्रद्धा गेली होती. पण आपण आत्ता केलेली व्याख्या लावून बघा. त्या पहाटे उठत होत्या, मिस्सेला बसत होत्या, मरणाऱ्याला उचलत होत्या. आस्था होती, जाणीव नव्हती. अनास्थेत काय होते? जाणीव नाही, आणि नसल्याचे दुःखही नाही. त्यांना मात्र ते दुःख जाळत होते.

यात आपल्या पुण्याचा एक धागा आहे, तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. योसेफ नॉयनर हे ऑस्ट्रियन येशूसंघी धर्मशास्त्री पुण्याला अध्यापन करत. 1960 नंतर मदर तेरेसांनी आपल्या अंधाराबद्दल त्यांना लिहून दिले. त्यांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा : यावर मानवी उपाय नाही, म्हणून स्वतःला दोष देऊ नका, देव जाणवणे हाच तो असल्याचा एकमेव पुरावा नाही, त्याची तहान लागणे हाही पुरावाच आहे, आणि हा अंधार तुमच्या कामाचीच आतली बाजू आहे. ज्यांना कोणी नाही त्यांच्यात राहायचे म्हणजे कोणी नसण्याचा अनुभव आलाच. त्यानंतर त्यांचा अंधार गेला नाही, पण त्यावर प्रेम करता येऊ लागले, असे मदर तेरेसांनी कळवले. फादर नॉयनर 2009 मध्ये वयाच्या एकशे एकव्या वर्षी पुण्यातच वारले.

आता तुम्ही विचाराल, मग आपला कोरडेपणा कोणता हे ओळखायचे कसे? आमची कसोटी अशी. "मला प्रार्थना करावीशी वाटत नाही" हे वाक्य तुम्हाला टोचते का? टोचत असेल तर तहान शिल्लक आहे. ज्या श्रोत्यांनी प्रश्न विचारला, त्यांना तर तो विचारल्याशिवाय राहवले नाही. पूर्ण अनास्थेतला माणूस व्याख्यानानंतर थांबत नाही, तो चहा घेऊन घरी जातो.

आता विश्वासाच्या नूतनीकरणाकडे येऊ. आपल्या मंडळ्यांत याला 'उज्जीवन' म्हणतात आणि त्याचे चित्र बहुतेक ठरलेले असते : सभा, मोठा वक्ता, अश्रू, पुढे येणारे लोक. आम्ही त्याची थट्टा करणार नाही. पण इतिहास थोडा बारकाईने बघितला पाहिजे.

जॉन वेस्लीचे प्रसिद्ध उदाहरण घ्या. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत, रोमकरांस पत्रावरची लूथरची प्रस्तावना वाचली जात असताना, त्याला आपले हृदय ऊबदार झाल्याचे जाणवले. तिथे जायची त्याची इच्छा नव्हती, हे तो स्वतःच लिहून ठेवतो. हे बहुतेकांना माहीत असते. पण आठ महिनेही झाले नव्हते, तोच जानेवारी 1739 मध्ये त्याने रोजनिशीत आपण अजून ख्रिस्ती नाही अशी कबुली लिहिली, हे फारसे कोणी सांगत नाही. ऊब आली आणि ओसरली. त्यानंतर तो पन्नासहून अधिक वर्षे घोड्यावरून आणि गाडीतून हिंडत प्रवचने करत राहिला. मेथॉडिस्ट चळवळ उभी राहिली ती त्या एका संध्याकाळीवर नाही, लहान लहान गटांच्या आठवड्याच्या भेटीगाठींवर.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतर त्या अमेरिकेला गेल्या, 1889 मध्ये परत येऊन मुंबईत शारदा सदन काढले, पुढे ते पुण्याला हलवले. टीका चहूबाजूंनी झाली. आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. हे त्यांनी 1907 च्या आपल्या साक्षीत स्वतः सांगितले आहे. किती धैर्याचे वाक्य आहे! धर्मांतरासाठी जिने एवढे सोसले, तिने हे मान्य करायचे म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीतच. पण त्यांनी ते झाकले नाही, आणि धर्म सोडलाही नाही. त्या तिथेच राहिल्या आणि शोधत राहिल्या.

1905 च्या जूनमध्ये केडगावच्या मुक्ती सदनात जे उज्जीवन झाले ते जगभर गाजले. त्याची वर्णने वाचताना आपण ठिणगीकडे बघतो, लाकडांकडे बघत नाही. 1896 पासूनच्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून शेकडो मुली आणल्या होत्या, त्यांना जेवू घातले होते, शेती, विणकाम, छपाई शिकवली होती. 1905 च्या सुरुवातीपासून तिथे मुलींचा एक गट रोज प्रार्थनेला जमत होता. आणि उज्जीवनानंतर? त्यानंतर रमाबाईंनी जे केले त्याला आम्ही खरे उज्जीवन म्हणतो. त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या. वर्षानुवर्षे. कान अधू झालेले, प्रकृती खालावलेली. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. भाषांतर पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातांनी ते छापले जाऊन 1924 मध्ये बाहेर आले. अंतोनीने पाहिलेली ती दोरी आठवते ना? वळायची, उठायचे, प्रार्थना करायची, पुन्हा बसायचे.

प्रकटीकरणात इफिसच्या मंडळीला जे पत्र आहे, तिथेही हाच क्रम आहे. ही मंडळी कष्टाळू आहे, खोटे प्रेषित ओळखणारी आहे, तिच्यावर आरोप एवढाच की पहिली प्रीती सोडली. मग उपाय काय? पहिली भावना परत आण, असे कुठेही म्हटलेले नाही. कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, आणि पहिली कृत्ये कर. भावना आज्ञेने येत नाही, कृत्य येते. म्हणजे ज्या दिवसांत प्रीती होती त्या दिवसांत आपण काय करत होतो, ते आठवायचे आणि तेच छोट्या प्रमाणात करायला घ्यायचे. कोणाच्या बाबतीत ते आजाऱ्याला भेटणे असेल. कोणी संडे स्कूलच्या मुलांना गोष्टी सांगत असेल. कोणी रात्री दिवा मालवण्याआधी आईबरोबर एक स्तोत्र म्हणत असेल.

आता व्यवहारात उतरायचे तर आम्ही काय सुचवू? पहिल्यांदा प्रार्थना लहान करा. अर्ध्या तासाचा संकल्प करून तीन दिवसांत सोडण्यापेक्षा पाच मिनिटे, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, आणि मोठ्याने. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रसंहिता आहे. दुसऱ्याचे शब्द तोंडात घेणे हा काही खोटेपणा नाही, इव्हाग्रिअसने तेच केले. आपल्याला गीत म्हणवत नाही तेव्हा मंडळी आपल्या वतीने म्हणत असते, म्हणून तिथे बसणेही पुष्कळ आहे. दुसरे असे की एका, फक्त एका माणसाला हे सांगा. पाळकांना सांगा, मित्राला सांगा, बायकोला सांगा; बायकोला बहुधा आधीच कळलेले असते. आणि आठवड्यातून एकदा असे काही हाताने करा की ज्याचा उपयोग नाव-गाव असलेल्या एका माणसाला होईल. 'समाजाला' नव्हे, समाजाला उपयोग करताना अनास्था छान लपते. रविवारी दुपारी मोबाइल बंद ठेवता आला तर शब्बाथाची थोडी ओळख होईल. आधी बेचैनी येईल. तीच खूण, की औषध योग्य जागी लागते आहे.

हे किती दिवस करायचे, असा प्रश्न मागच्या बाकावरून आला आहे. आम्हाला मुदत सांगता येणार नाही, आणि वाळवंटातल्या कोणीही ती सांगितलेली नाही. अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोन शिष्य साधारण अकरा किलोमीटर चालले. ख्रिस्त बरोबर चालत होता आणि शास्त्र उलगडून सांगत होता, तरी त्यांनी त्याला ओळखले नाही. पुढे जायला निघालेल्या त्या अनोळखी वाटसरूला त्यांनी संध्याकाळ झाली म्हणून आग्रहाने थांबवून घेतले, जेवायला बसवले. भाकर मोडताना डोळे उघडले. हृदय तर वाटेतच पेटलेले होते, हे त्यांच्या नंतर ध्यानात आले.

आता उरलेले प्रश्न घेऊ.